ठाण्यात बसून नेटवरून संशोधन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नौपाड्यातल्या आमच्या वाचनालयाच्या संदर्भ विभागात कोणी ना कोणी मोबाइल पुढे करून विचारतं, "सर, हे खरं आहे का बघा ना." कुणाची ब्लॅक बुक (बांधलेला प्रकल्प-अहवाल) जमा करायची तारीख तोंडावर आलेली असते, कुणाची पीएचडीची नोंदणी नुकतीच झालेली असते, कुणी निवृत्तीनंतर आपल्या गावठाणाचा इतिहास लिहायला घेतलेला असतो. विषय वेगळे, पण प्रश्न फिरून तेच. म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. उदाहरणं मुद्दाम ठाणे आणि नवी मुंबईची घेतली आहेत, कारण ती तुम्हाला स्वतः पडताळता येतील. माझा आग्रह सगळीकडे एकच दिसेल: एखादी गोष्ट पहिल्यांदा कुणी आणि कशावरून नोंदवली, तिथपर्यंत जा.

गुगलवर जे सगळ्यात वर येतं ते बरोबर असतंच ना?

नाही. तुमच्या शब्दांशी काय जुळतं आणि लोक कशावर जास्त जातात, अशा गोष्टींवरून हा क्रम लागतो. मजकूर खरा आहे का, हे त्यात कुणी तपासलेलं नसतं. पहिल्या काही ओळींवर 'प्रायोजित' लिहिलेलं असेल तर त्या जाहिराती आहेत. वर यंत्राने तयार केलेला सारांश दिसला तर तो ज्या पानांवरून केला आहे ती पानं उघडा. सारांश हा स्रोत म्हणून कुठेही देता येत नाही. पहिल्या पानावर काही नसेल तर दुसरं, तिसरं पान बघा. सरकारी अहवाल आणि विद्यापीठांचे प्रबंध बरेचदा तिथेच दबलेले असतात.

ठाण्याची लोकसंख्या शोधली तर चार वेगवेगळे आकडे येतात. कुठला लिहू?

आधी तुमचं 'ठाणे' म्हणजे महापालिका की जिल्हा, ते ठरवा. २०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८ होती. तेव्हा देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा हाच होता. ठाणे महापालिका क्षेत्राची लोकसंख्या होती १८,४१,४८८. बऱ्याच पानांवर नुसतं "ठाण्याची लोकसंख्या एक कोटी दहा लाख" असं असतं आणि वाचणाऱ्याला ते शहर वाटतं.

दुसरी मेख हद्दीची. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. वसई, डहाणू, जव्हार हे सगळं तिकडे गेलं. २०११ चेच आकडे आजच्या हद्दींप्रमाणे मांडले तर ठाणे जिल्हा ८०,७०,०३२ आणि पालघर २९,९०,११६. बेरीज करून बघा, अखंड जिल्ह्याचा आकडा तंतोतंत मिळतो. कुठलीही दोन-तीन कोष्टकं हाताशी आली की ही बेरीज करायचीच. जुळली नाही तर हद्द, वर्ष किंवा व्याख्या कुठेतरी बदललेली असते.

तिसरी मेख तात्पुरत्या आकड्यांची. जनगणनेनंतर आधी हंगामी आकडे येतात आणि अंतिम आकडे मागाहून. ठाणे महापालिकेचा हंगामी आकडा १८,१८,८७२ होता. वर्तमानपत्रांनी तेव्हा तोच छापला आणि तो आजही नेटवर फिरतो. त्याला खोटा म्हणता येणार नाही, पण अंतिम आकडा उपलब्ध असताना प्रकल्पात तो वापरणं चूकच.

नवी मुंबईतही हेच. २०११ ची ११,२०,५४७ ही नवी मुंबई महापालिकेची लोकसंख्या. खारघर, कामोठे, पनवेल त्यात नाहीत. ते रायगड जिल्ह्यात येतात आणि त्यांच्यासाठी २०१६ मध्ये पनवेल महापालिका झाली. सिडकोच्या (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या) नकाशावरची नवी मुंबई आणि महापालिकेची नवी मुंबई या दोन वेगळ्या हद्दी आहेत. तुमचं सर्वेक्षण खारघरचं आणि लोकसंख्या वाशीच्या महापालिकेची, असं झालं तर व्हायवाला (तोंडी परीक्षेला) एक्सटर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, पहिलं बोट तिथेच ठेवतील.

आणि "ठाणे लोकसंख्या २०२५" असं देणारी पानं? २०२१ ची जनगणना झालीच नाही. पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिनांक जाहीर झाला आहे. तोवर २०११ नंतरचा प्रत्येक आकडा हा अंदाज आहे. कुणाचा अंदाज, कुठल्या पद्धतीने काढलेला, हे लिहिलेलं नसेल तर सोडून द्या. गाववार तपशील हवा असेल तर जनगणना कार्यालयाचं 'डिस्ट्रिक्ट सेन्सस हँडबुक' उतरवून घ्या. शहापूर किंवा मुरबाडमधल्या एकेका गावाची माहिती त्यात मिळते.

दोन सरकारी आकडे वेगळे असतील तर त्यातला एक चुकीचा असतो ना?

नेहमीच नाही. ठाणे खाडीचं घ्या. फ्लेमिंगो अभयारण्याचं क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर आहे आणि रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून नोंदलेलं क्षेत्र ६,५२१ हेक्टर. दोन्ही बरोबर. अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं. २०२२ मध्ये रामसर यादीत नाव आलं तेव्हा अभयारण्याभोवतीचं पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रही त्यात धरलं गेलं. "ठाणे खाडीचं क्षेत्र" एवढंच लिहिलं तर वाचणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही. आकड्याशेजारी तो कशाचा, कधीचा आणि कुणी दिलेला, हे तिन्ही लिहा.

फ्लेमिंगोंच्या संख्येबाबत मात्र जास्त सावध राहा. मोजणी कुठल्या महिन्यात, भरती की ओहोटी, खाडीच्या किती भागात झाली यावर आकडा पार बदलतो. बातमीत हे नसतं. मोजणी करणाऱ्या संस्थेच्या अहवालात असतं.

पंधरा साइट्सवर एकच लिहिलंय. मग तपासायचं कशाला?

कारण त्या पंधरा साइट्सनी ते एकाच ठिकाणाहून उचललेलं असू शकतं. मग तो एकच साक्षीदार झाला.

आपल्या स्टेशनचंच उदाहरण. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी आली. अंतर सुमारे ३४ किलोमीटर, १४ डबे, जवळपास ४०० पाहुणे. यावर फारसा वाद नाही. पण प्रवासाला किती वेळ लागला हे शोधा. काही ठिकाणी ५७ मिनिटं मिळतील, काही ठिकाणी सव्वा तास. दोन्ही आकडे ठामपणे, कुठलाही आधार न देता लिहिलेले असतात. कुठल्या बाजूला जास्त साइट्स आहेत ते मोजून हा प्रश्न सुटत नाही. त्या आठवड्याचं वर्तमानपत्र, रेल्वे कंपनीचं इतिवृत्त, त्या काळात लिहिलेला अहवाल, यांतलं काही मिळवूनच सुटतो. ते मिळेपर्यंत "स्रोतांमध्ये ५७ मिनिटं ते सव्वा तास असे वेगवेगळे उल्लेख आहेत" असं लिहा. असं लिहिलं म्हणून कुणी गुण कापत नाही.

त्याच वाक्यातला 'पहिली' हा शब्दही जपून वापरा. मद्रासजवळ रेड हिल्सला १८३७ मध्येच दगड वाहण्यासाठी रेल्वे चालली होती आणि रुरकीजवळ कालव्याच्या बांधकामात १८५१ मध्ये वाफेचं इंजिन वापरलं गेलं. ठाण्याचा मान आहे तो पहिल्या सार्वजनिक प्रवासी गाडीचा. तो मोठाच आहे. 'प्रवासी' हा शब्द गळला की मात्र वाक्य खोटं होतं, आणि तसं खोटं झालेलं वाक्य शेकडो पानांवर आहे.

नेटवर गोष्ट गोल फिरते याचा एक गाजलेला पुरावाही आहे. २००८ मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यार्थ्याने इंग्रजी विकिपीडियावर कोआटी नावाच्या प्राण्याला एक मनाने रचलेलं टोपणनाव चिकटवलं. ते वर्तमानपत्रांत आणि पुस्तकांत गेलं, आणि पुढे तेच छापील उल्लेख विकिपीडियावर त्या नावाचा पुरावा म्हणून लागले. म्हणून स्रोताची तारीख बघा. तुमचा 'पुरावा' विकिपीडियातल्या नोंदीनंतरचा असेल तर तो तिथूनच आलेला असण्याची शक्यता धरा.

विकिपीडिया वापरायचा की नाही? कॉलेजमध्ये बंदी आहे.

वापरा, फक्त संदर्भ म्हणून देऊ नका. लेखाच्या तळाशी जी संदर्भयादी असते ती तुमच्या कामाची. तिथली मूळ पुस्तकं आणि कागद उघडा. 'इतिहास' या टॅबवर लेख कधी, किती वेळा बदलला ते दिसतं. चर्चा पानावर वाद कशावर झाला ते कळतं, आणि संशोधकाला लेखापेक्षा ते पान पुष्कळदा अधिक शिकवतं. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून आहे, पण ठाण्याच्या गावांवरचे बरेच लेख फार त्रोटक आहेत. तिथे मराठी विश्वकोश बघा. नोंदी तज्ज्ञांनी लिहिलेल्या आहेत आणि नेटवर फुकट वाचता येतात. मात्र विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ चा. व्याख्या आणि इतिहासासाठी तो उत्तम, आकडेवारीसाठी नाही.

एखादी साइट विश्वासार्ह आहे हे पटकन कसं ओळखायचं?

ती साइट वाचत बसू नका, तिच्याबाहेर पडा. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅक्ग्रू यांनी २०१७ मध्ये यावर एक अभ्यास मांडला. १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्यपडताळणी करणारे आणि २५ पदवीचे विद्यार्थी यांना काही संकेतस्थळं पारखायला दिली. विद्यार्थी, आणि कित्येक इतिहासकारसुद्धा, त्याच पानावर खालीवर करत बसले. मांडणी, लोगो, भाषा यांवरून त्यांनी मत बनवलं. तथ्यपडताळणीवाल्यांनी पान उघडताच शेजारी नवे टॅब उघडले आणि या संस्थेबद्दल *इतर लोक* काय म्हणतात ते आधी पाहिलं. ते लवकर आणि बरोबर निर्णयावर आले.

हेच तुम्हीही करा. संस्थेचं नाव अवतरणचिन्हांत टाकून शोधा. तिला पैसा कुठून येतो, ती कुणी चालवते, तिच्यावर कुणी टीका केली आहे का ते बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

काही गोष्टींवर अजिबात विसंबू नका. पत्त्याशेजारचं कुलपाचं चिन्ह एवढंच सांगतं की तुमची जोडणी सुरक्षित आहे. मजकुराबद्दल ते काही सांगत नाही. 'डॉट ऑर्ग' कुणालाही विकत घेता येतं. 'गव्ह डॉट इन' आणि 'निक डॉट इन' मात्र सरकारी यंत्रणांनाच मिळतात, तेव्हा पत्त्याचा शेवट नीट वाचा. शेवटाआधी मध्येच कुठेतरी 'गव्ह' घुसवलेले पत्ते फसवणुकीसाठी सर्रास बनवले जातात.

व्हॉट्सअ‍ॅपवर शासन निर्णय आलाय. खरा की खोटा?

हा प्रश्न विशेषतः शिक्षक आणि सोसायटीचे सेक्रेटरी विचारतात. सुदैवाने उत्तर पक्कं मिळू शकतं.

जीआरच्या, म्हणजे शासन निर्णयाच्या, शेवटच्या पानावर जा. सहीच्या वर एक ठरलेलं वाक्य असतं: सदर शासन निर्णय महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध करण्यात आला असून त्याचा संकेतांक अमुक असा आहे. हा संकेतांक लांबलचक असतो आणि त्याचे पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस. २०१७०५१५ ने सुरू होत असेल तर १५ मे २०१७. पहिल्या पानावरची तारीख आणि हे अंक जुळतात का ते आधी बघा. खोट्या जीआरमध्ये पुष्कळदा इथेच घोळ असतो, कारण जुन्या जीआरचं शेवटचं पान तसंच ठेवून वरचा मजकूर बदललेला असतो. मग शासनाच्या संकेतस्थळावर 'शासन निर्णय' विभागात तो संकेतांक टाका. तिथून उतरलेली प्रत आणि तुमच्या मोबाइलमधली प्रत ओळीला ओळ लावून वाचा.

जीआर खरा निघाला तरी काम संपत नाही. तो आज लागू आहे का? वरच्या भागात 'वाचा' या शब्दाखाली आधीच्या निर्णयांची यादी असते. ती मागे मागे नेत गेलात तर त्या विषयाचा सगळा प्रवास हाती लागतो. पण पुढे काय झालं ते या यादीत नसतं. त्यासाठी त्याच विभागाचे नंतरचे निर्णय, शुद्धिपत्रकं आणि परिपत्रकं शोधावी लागतात. मजकुरात 'अधिक्रमित करून' असे शब्द आले की समजा, आधीचा निर्णय गेला. धोरणांवर प्रकल्प करणाऱ्यांना मी हटकून सांगतो की एका जीआरवर निष्कर्ष काढू नका, साखळी पूर्ण करा.

चॅटजीपीटीने मला छान संदर्भयादी करून दिली. तशीच लावू?

मुळीच नाही. ही साधनं संदर्भासारखा दिसणारा मजकूर तयार करू शकतात. लेखकाचं नाव खरं, नियतकालिक खरं, आणि त्या नावाचा लेख मात्र जगात नाही, असं होतं. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका विमान कंपनीविरुद्धच्या खटल्यात वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले खटल्यांचे दाखले न्यायालयात सादर केले. त्यांतले काही खटले कधी झालेच नव्हते. न्यायाधीशांनी ५,००० डॉलर दंड केला.

त्या यादीतलं प्रत्येक शीर्षक अवतरणचिन्हांत टाकून गुगल स्कॉलरवर शोधा. डीओआय क्रमांक (लेखाचा कायमचा ओळखक्रमांक) दिला असेल तर तो उघडून बघा. सापडलं नाही तर काढून टाका. सापडलं तर लेख वाचा, कारण लेख खरा असूनही त्यात ते म्हटलेलंच नसतं, असंही बघायला मिळतं.

या साधनांचा चांगला उपयोगही आहे. विषयाशी जोडलेले शोधशब्द सुचवायला, अवघड परिच्छेद सोपा करून घ्यायला, आपल्या युक्तिवादातली भोकं शोधायला ती वापरा.

जुन्या ठाण्याबद्दल शोधलं तर काहीच हाती लागत नाही. का?

कारण त्या काळचे लोक आपल्यासारखं स्पेलिंग लिहीत नव्हते. इंग्रजी कागदांत ठाणे कधी 'थाना', कधी 'टाना' किंवा 'टान्ना' अशा उच्चारांच्या स्पेलिंगने येतं. साष्टीला 'साल्सेट' म्हणून शोधा. पनवेल, उरणचं काही हवं असेल तर रायगड टाकून भागणार नाही. १९८१ पर्यंत तो जिल्हा कुलाबा होता, आणि हा कुलाबा म्हणजे दक्षिण मुंबईतला नव्हे. मराठीतही अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ बदलून दोन-तीन प्रकारे टाइप करा.

पुढचं कारण तांत्रिक. जुनी मराठी पुस्तकं आणि अंक नेटवर आहेत, पण स्कॅन केलेल्या चित्रांच्या रूपात. यंत्राने त्यातली अक्षरं ओळखलेली नसतात किंवा चुकीची ओळखलेली असतात, म्हणून शोधात येत नाहीत. तसंच युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या पीडीएफचं. स्क्रीनवर मराठी दिसतं, कॉपी केलं की निरर्थक रोमन अक्षरं येतात. अशा वेळी शोधखिडकी सोडा. पुस्तक उघडा, अनुक्रमणिका बघा, पानं चाळा. त्याला पर्याय नाही.

सुरुवात बॉम्बे प्रेसिडेन्सीच्या गॅझेटियरपासून करा. तेरावा आणि चौदावा खंड ठाण्याचे, १८८२ मध्ये छापलेले, आणि इंटरनेट अर्काइव्हवर पूर्ण वाचता येतात. चौदाव्या खंडात गावं आणि स्थळं आहेत. कान्हेरी, कल्याण, घोडबंदर, तुमचं गावही असेल. पण तो सरकारी अधिकाऱ्यांनी राज्यकारभारासाठी लिहून घेतलेला ग्रंथ आहे, हे विसरू नका. शेतसारा, बंदरं, रस्ते यांच्यासाठी तो फार मोलाचा. आगरी, कोळी, वारली समाजांची जी वर्णनं आहेत ती मात्र साहेबाच्या नजरेतली आहेत. ती 'त्या काळचं सरकार असं बघत होतं' म्हणून उद्धृत करा. 'हे लोक असे होते' म्हणून नको. हा फरक न पाळल्यामुळे आजही नेटवर कित्येक समाजांची माहिती म्हणून दीडशे वर्षांपूर्वीचे पूर्वग्रह वाचायला मिळतात, आणि याचं मला खरोखर वाईट वाटतं.

त्यानंतर १८९३ मध्ये स्थापन झालेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात जा. दुर्मिळ मराठी पुस्तकांसाठी आपल्या शहरात यासारखी जागा नाही.

शोधताना एखादी युक्ती?

चारच पुरेत. नेमकी शब्दरचना हवी तर ती अवतरणचिन्हांत टाका. नको असलेल्या शब्दाआधी जागा न सोडता वजाचं चिन्ह लावा. इंग्रजीत 'साइट', मग कोलन, मग 'गव्ह डॉट इन' असं लिहिलंत की फक्त सरकारी पानं येतात. आणि 'फाइलटाइप', कोलन, 'पीडीएफ' असं लिहिलंत की अहवाल वर येतात, बातम्या गळतात.

शोधनिबंध उघडला की पैसे मागतात. विद्यार्थ्याने काय करायचं?

आधी गुगल स्कॉलरवर त्या लेखाखाली 'सर्व आवृत्त्या' बघा. लेखकाने स्वतःच्या विद्यापीठाच्या पानावर फुकट प्रत ठेवलेली असू शकते. 'अनपेवॉल' हे ब्राउझरमध्ये बसवायचं छोटं साधन अशी कायदेशीर मोफत प्रत असेल तर दाखवून देतं. तरी नाही मिळाली तर लेखकाला दोन ओळींची सभ्य ईमेल करा. बरेच जण आनंदाने पाठवतात, कारण वाचणाऱ्याच्या त्या पैशातला एक रुपयाही त्यांना मिळणार नसतो.

भारतीय प्रबंध 'शोधगंगा'वर मोफत आहेत. ठाणे खाडी, सिडकोचं भूसंपादन, आगरी बोली, तलावांचं पाणी यांवर शोधून बघा. प्रबंधाचा दुसरा अध्याय बहुधा पूर्वसंशोधनाचा असतो, म्हणजे तुमच्या वाचनाची यादी आयतीच मिळते. १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेखाली सरकारी विद्यापीठं आणि संशोधन संस्थांना ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं खुली झाली आहेत. तुमची संस्था त्यात बसते का ते ग्रंथपालांना विचारा. नुसतं विचारलं नाही म्हणून मुलं वंचित राहतात.

शोधनिबंध म्हणजे तरी खात्रीचा ना?

बातमीपेक्षा बराच, पण डोळे मिटून नाही. २२ मे २०२० रोजी 'लॅन्सेट'सारख्या नामांकित नियतकालिकात कोविडवर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे औषध देण्यावरचा लेख आला. मूळ माहिती तपासू देता येईना म्हणून ४ जूनला तो मागे घेतला गेला. मधल्या काळात त्याच्या बातम्या जगभर पोहोचल्या होत्या आणि त्या अजून नेटवर आहेत. म्हणून लेख वापरण्याआधी त्याच्या मूळ पानावर 'रिट्रॅक्टेड' (मागे घेतलेला) लिहिलंय का ते बघा. 'रिट्रॅक्शन वॉच'च्या यादीतही शोधता येतं.

आणि प्राध्यापक मंडळींसाठी: चार दिवसांत छापून देतो, एवढे पैसे भरा, असा मेल आला तर तो डिलीट करा. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) केअर यादी, म्हणजे मान्य नियतकालिकांची यादी, बंद केली. तेव्हा आता नियतकालिक पारखायची जबाबदारी आपल्यावर आहे. संपादक मंडळातल्या दोघांना मेल करून "आपण खरंच या मंडळावर आहात का?" एवढं विचारा.

आकडा सरकारी आहे, स्रोत पक्का आहे. तरी गाईडने लाल खूण केली.

तो आकडा कदाचित तुमच्या जागेचा नसेल. २६ जुलै २००५ चा ९४४ मिलिमीटर पाऊस सगळ्यांना पाठ आहे. तो सांताक्रूझ वेधशाळेचा. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला पाऊस १०० मिलिमीटरही नव्हता. म्हणजे एकाच मुंबईत एवढी तफावत. ठाण्याच्या पुरावर लिहिताना ९४४ हा आकडा घेतलात तर तो ठाण्याबद्दल काहीच सांगत नाही. आपल्या भागाच्या पर्जन्यमापकाची नोंद मिळवा, नाहीतर वेधशाळेचं नाव स्पष्ट लिहा.

व्हिडिओ, फोटो कसे तपासायचे?

गुगल लेन्स किंवा टिनआय वर चित्र टाका आणि सर्वांत जुनी प्रत कुठली ते बघा. फेब्रुवारी २०१९ मध्ये ठाण्यातल्या एका मॉलमध्ये बिबट्या शिरला होता. ती घटना खरी, चित्रण खरं. ते आज "आत्ताच, आमच्या कॉम्प्लेक्समध्ये" म्हणून पुढे आलं तर दृश्य खरं असूनही बातमी खोटी. येऊरच्या बिबट्यांवर प्रकल्प करणाऱ्यांनी अशा व्हिडिओंवरून नोंदी वाढवू नयेत.

संदर्भ दिला की कॉपी-पेस्ट चालतं का?

नाही. दुसऱ्याची वाक्यं घेतलीत तर अवतरणचिन्हं हवीत, आणि तीही मोजकी. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्यापुढे ४० आणि ६० टक्क्यांच्या टप्प्यांवर शिक्षा वाढते. पण टक्केवारी खाली आणण्यासाठी शब्द उलटसुलट करणं ही सुद्धा चोरीच. लेख बाजूला ठेवा, काय समजलं ते स्वतःच्या भाषेत लिहा, मग पुन्हा उघडून पडताळा.

दिलेली लिंक व्हायवापर्यंत बंद पडली तर?

सरकारी साइट नव्याने बांधली की जुने पत्ते मरतात, हे गृहीतच धरा. पान वापरलंत त्याच दिवशी वेबॅक मशीनवर (पानांच्या जुन्या प्रती साठवणाऱ्या संकेतस्थळावर) जतन करा आणि त्या जतन केलेल्या पानाचा पत्ता संदर्भात द्या. पीडीएफ उतरवून ठेवा, फाइलच्या नावात तारीख घाला. पाहिल्याची तारीख संदर्भात लिहा. झोटेरो हे मोफत साधन हे सगळं एका जागी ठेवतं. पहिल्या दिवसापासून वापरलंत तर शेवटच्या रात्री यादी करत बसावं लागत नाही.

माहिती नेटवर नाहीच असं दिसलं तर?

तर ती कुठल्यातरी कार्यालयात फाइलमध्ये आहे किंवा कुणाच्या तरी आठवणीत आहे. घणसोली, दिवाळे, कोपरखैरणे या गावांची सिडको येण्याआधीची शेती, मिठागरं, मासेमारी यांबद्दल लिहायचं तर गावातल्या ऐंशी वर्षांच्या आजींपाशी बसावं लागेल. त्यांची परवानगी घ्या, रेकॉर्ड करा, तारीख नोंदवा. त्या सांगतात ते साल आणि सरकारी कागदावरचं साल जुळलं नाही तर दोन्ही लिहा.

फाइलसाठी माहितीचा अधिकार आहे. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, महाराष्ट्रात ऑनलाइन अर्जही चालतो. आपल्या राज्याच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, म्हणून नेमकं मागा. "या तलावाचं क्षेत्र का कमी झालं?" असं विचारलंत तर माहिती अधिकारी कारणं द्यायला बांधील नाहीत आणि अर्ज परत येईल. "अमुक वर्षापासूनच्या सर्वेक्षण अहवालांच्या आणि नकाशांच्या प्रती द्याव्यात" असं लिहा. उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं तर पहिल्या अपिलाला ३० दिवस असतात. अर्जाची पोच संदर्भाच्या फाइलमध्येच लावून ठेवा, कारण त्या पोचेवरची तारीख अपिलाच्या वेळी लागते.